तुमच्या वेबसाइटचं नाव नक्की कुणाच्या नावावर आहे?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये देशातल्या बँकांना फर्मान काढलं: ३१ ऑक्टोबर २०२५ च्या आत आपापल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर हलवा. त्यानंतर खातेदारांच्या फोनवर 'आमचा पत्ता बदलला आहे' असे मेसेज येऊ लागले आणि पणजी-म्हापशापासून सत्तरीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न: हा मेसेज खरा की लुबाडायचा नवा प्रकार? पासबुक तेच, खातं तेच, काउंटरवरचा माणूसही तोच. मग बदललं काय?

बदललं ते डोमेन नाव. बँकेचं सोडा, पण तुमचा होमस्टे असेल, घरी कोकमाचं आगळ आणि फणसाची साठं करून विकत असाल, गावच्या देवस्थान समितीवर किंवा नाट्यमंडळात असाल, तर आज ना उद्या 'आपलं स्वतःचं नाव घ्यायला हवं' हा विषय निघणारच. तो निघण्याआधी ही भानगड काय आहे ते समजून घेतलेलं बरं. त्यात तंत्रज्ञान फारसं नाही. कागदपत्रं आहेत, आणि कागदपत्रांची सवय गोव्याच्या माणसाला चांगलीच आहे.

पत्ता उजवीकडून वाचायचा

इंटरनेटवरचा प्रत्येक संगणक दुसऱ्याला ओळखतो तो आकड्यांवरून. हे लांबलचक आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांना नाव जोडलं जातं. ते नाव म्हणजे डोमेन नाव. सुरुवातीला संगणक थोडे होते, तेव्हा कोणत्या नावाचा आकडा कोणता याची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडायला आली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था आखली. तिचं तत्त्व साधं: सगळी नावं एकाने सांभाळायची नाहीत. 'इन' खालची नावं एकाने बघायची, 'कॉम' खालची दुसऱ्याने, आणि त्या प्रत्येक नावाखाली आणखी काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून पत्ता वाचायचा तो उजवीकडून डावीकडे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकेरी तिरपी रेघ जिथे येते, त्याच्या पुढचं सगळं विसरा आणि तिथून उलटं वाचत या. समजा, मेसेजमध्ये 'स्टेटबँक डॉट बँक-इन डॉट कॉम' असं काही आलं. डावीकडून वाचलं तर बँकेचं नाव दिसतं, 'बँक' दिसतं, 'इन' दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. उजवीकडून वाचा. शेवटी 'कॉम' आहे. त्याच्या आधी 'बँक-इन', म्हणजे मध्ये आडवी रेघ असलेलं एक सलग नाव. असं नाव कुणालाही हजारभर रुपयांत घेता येतं. आणि एकदा ते घेतलं की त्याच्या डावीकडे 'स्टेटबँक' लिहायला काही पैसे पडत नाहीत, कुणाची परवानगीही लागत नाही.

खऱ्या पत्त्यात शेवटी 'इन', त्याआधी 'बँक', आणि त्या दोन्हींच्या मध्ये टिंब. या 'बँक डॉट इन' खालची नावं बाजारात मिळत नाहीत. ती फक्त बँकांना मिळतात आणि ती देण्याचं काम रिझर्व्ह बँकेने हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे दिलं आहे. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच. त्याने फसवणूक थांबणार नाही, पण वाचता येणाऱ्याला ती ओळखता येईल.

कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबू नका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंतची बोलणी मधल्या कुणाला ऐकू जात नाहीत. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्याशीही तुम्ही अगदी गुप्तपणे बोलता. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का झाला की गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्रच काढून टाकलं.

हे नाव देतं कोण?

सगळ्यात वर आयकॅन ही अमेरिकेतली, नफा न कमावणारी संस्था आहे, १९९८ साली स्थापन झालेली. तिच्याखाली प्रत्येक शेपटाची, म्हणजे पत्त्यातल्या अगदी शेवटच्या भागाची, नोंदवही सांभाळणारा एकेक जण. 'डॉट कॉम'ची वही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे, 'डॉट इन'ची निक्सी या भारतीय संस्थेकडे. वहीवाले सहसा थेट ग्राहकाशी व्यवहार करत नाहीत. त्यांच्यासाठी नोंदणी करून देणारे विक्रेते असतात, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. टीव्हीवर, यूट्यूबवर ज्यांच्या जाहिराती दिसतात ते हे. २००५ पर्यंत 'डॉट इन' मिळवणं जिकिरीचं होतं. त्या वर्षापासून ते सर्वांना खुलं झालं.

विकत घेतलं म्हणजे माझं झालं ना?

नाही. इथेच सगळं रामायण आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डोमेन नाव विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. मुदत संपण्याआधी पैसे भरले तर पुढे चालू, नाही तर गेलं. आणि ते ज्याच्या नावावर नोंदलं गेलं त्याचं, मग पैसे कुणीही भरलेले असोत. आपल्याकडे जमिनीचा वाद उपटला की पहिला प्रश्न असतो, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? घर कुणी बांधलं, माड कुणी लावले, विजेचं बिल कोण भरतं, हे सगळं नंतर. डोमेनचंही तसंच. वेबसाइट म्हणजे त्या जागेवर बांधलेलं घर. घरावर लाख रुपये घातले असतील, पण उताऱ्यावर दुसऱ्याचं नाव असेल तर तुम्ही मामलेदाराकडे खेपा घालत बसणार.

हे घडतं कसं? एखादी देवस्थान समिती वेबसाइट करायची ठरवते. कुणाच्या तरी ओळखीतला, संगणकाची आवड असलेला मुलगा असतो. तो म्हणतो, तुम्ही फक्त फोटो आणि जत्रेच्या तारखा द्या, बाकी मी बघतो. तो आपल्या ईमेलवरून खातं उघडतो, आपलं कार्ड वापरतो, समिती त्याला रोख पैसे देते. हेतू कुणाचाच वाईट नसतो. तीन-चार वर्षांनी मुलगा नोकरीला बेंगळुरूला किंवा बोटीवर जातो, फोन नंबर बदलतो. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे ईमेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात, जो तो आता उघडतही नाही. इकडे नवी समिती निवडून आलेली असते आणि तिच्याकडे पासवर्ड सोडाच, नाव कोणत्या रजिस्ट्रारकडून घेतलं होतं याचीही माहिती नसते.

'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवण द्यायची असा आयकॅनचा नियम आहे. मुदत उलटल्यावरही नाव लगेच जात नाही. काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात किंवा थोड्या जादा पैशांत ते परत चालू करता येतं. नेमके किती दिवस, हे रजिस्ट्रार ठरवतो. पुढचे ३० दिवस भला मोठा दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते मोकळं होतं आणि असं मोकळं होणारं नाव टिपायला यंत्रं लावून बसलेले लोक जगभर आहेत. जुनं, लोकांच्या भेटी असलेलं नाव त्यांना हवंच असतं. पुष्कळदा मग त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लागतात. देवस्थानाच्या छापील पत्रिकेवर मात्र पत्ता तोच असतो.

म्हणून नाव घेताना नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'संस्था' असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. तिथे संस्थेचं नोंदणीकृत नाव घाला. ईमेल कुणा एकाचा खासगी देण्यापेक्षा संस्थेसाठी वेगळा उघडून द्या, आणि तो याच नव्या डोमेनवरचा देऊ नका. हे चटकन सुचत नाही, पण विचार करा: डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद, आणि डोमेन सोडवण्याचे निरोप नेमके त्याच ईमेलवर येणार. स्वतःला बाहेर ठेवून दार लावून घेण्याचा हा प्रकार आहे. खोटं नाव-पत्ता तर देऊच नका. 'डॉट इन'साठी दुसऱ्याच्या नावाआड लपून नोंदणी करायला निक्सी परवानगी देत नाही, आणि तपशील चुकीचे निघाले तर नाव गोठवलं जाऊ शकतं.

नाव घेतलं, पण वेबसाइट कुठे दिसते?

दिसणार नाही, कारण ती अजून केलेलीच नाही. नाव ही एक गोष्ट, पानं आणि फोटो ठेवायची जागा ही दुसरी. त्या जागेला होस्टिंग म्हणतात आणि तिचं भाडं वेगळं. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेतलं पाहिजे असं मुळीच नाही. नावाच्या खात्यात एक नोंद असते: या नावाने कुणी विचारलं तर अमुक संगणकाकडे पाठवा. उद्या होस्टिंग बदललं तर तेवढी नोंद बदलायची, लोकांना कळतही नाही. बदल सगळीकडे पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, कारण जगभरचे संगणक जुनं उत्तर थोडा वेळ जपून ठेवतात.

नुसत्या नावाचा उपयोग ईमेलसाठीही होतो, वेबसाइट नसली तरी. परदेशी पाहुण्याला खोलीचं बुकिंग पक्कं करणारं पत्र स्वतःच्या नावाच्या ईमेलवरून गेलं तर त्याचा विश्वास बसतो. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे तो आता संशयाने बघतो, आणि गोव्यातल्या खोट्या व्हिला-बुकिंगच्या इतक्या बातम्या वाचल्यावर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

पण इन्स्टाग्राम आहे की!

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. फक्त गावात आणि ओळखीत माल खपत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर काम भागतं. अशा माणसाने उगाच खर्च करू नये असंच मी सांगेन.

पण दुसऱ्याच्या जागेत किती दिवस राहायचं, हे तो दुसरा ठरवतो. गुगल छोट्या धंद्यांना नकाशावरच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या वेबसाइट बंद झाल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर आलेल्याला नकाशावरच्या नोंदीकडे वळवलं जायचं, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो फुकटचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि रिक्षाच्या पाठीवर छापून घेतला होता, त्यांचे छपाईचे पैसे पाण्यात गेले. ज्यांनी स्वतःचं नाव घेऊन त्या फुकट वेबसाइटला जोडलं होतं, त्यांनी ते नाव दुसरीकडे वळवलं आणि कामाला लागले. इन्स्टाग्रामवर राहा, जरूर राहा. गिऱ्हाईक तिथेच आहे. छापायचा पत्ता मात्र आपला असावा.

नाव निवडायचं कसं?

फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने बरोबर लिहून घेतलं, तर नाव चांगलं. याहून मोठी कसोटी मला माहीत नाही. गोव्यात ती जरा अवघडच जाते. आपण म्हणतो डिचोली, रस्त्यावरच्या पाटीवर बिचोलिम. आपण म्हणतो म्हापसा, रोमन अक्षरं वाचून पाहुणा म्हणतो मापुसा. देसाईंत एक एस की दोन, नाईकांच्या शेवटी के की क्यू-यू-ई, यावर एकाच घरातल्या दोन भावांचं एकमत नसतं. धंद्याच्या नावात गाव किंवा आडनाव असेल तर दोन्ही वर्णलेखनांतली नावं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवून ठेवणं हा शहाणपणाचा खर्च. आडव्या रेघा आणि आकडे शक्यतो टाळा.

शेपूट कोणतं? भारतातलं गिऱ्हाईक असेल तर 'डॉट इन' पुरेसं आहे, परदेशी पाहुणे येत असतील तर 'डॉट कॉम' मिळतंय का ते आधी बघा. 'डॉट आयओ', 'डॉट एआय' ही फॅशनेबल शेपटं प्रत्यक्षात छोट्या प्रदेशांची आहेत. 'एआय' कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाचं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि त्या बेटाच्या तिजोरीत या शेपटामुळे अक्षरशः घबाड आलं. 'आयओ' हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, आणि ती बेटं मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला. देशच राहिला नाही तर शेपूटही जाऊ शकतं: युगोस्लाव्हियाचं 'डॉट वाययू' २०१० मध्ये पुसलं गेलं. आगळ आणि साठं विकायला इतक्या लांब जायचं कारण नाही.

देवनागरीतही पत्ता मिळतो. 'डॉट भारत' हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत सुरू झालं, आठ भाषांसाठी, त्यांत मराठीही आहे आणि कोकणीही. दिसायला सुंदर. पण तो पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कधी कधी देवनागरी जाऊन रोमन अक्षरांची अगम्य माळ उमटते, कारण आतल्या यंत्रणेला अजूनही तीच भाषा कळते. आणि त्यावरचा ईमेल कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून एकुलतं एक नाव म्हणून नको, जोडीला असावं. मराठी वाचनालयाने किंवा भजनी मंडळाने ते घ्यायलाच हवं असं माझं मत आहे.

खर्च किती, आणि गोम कुठे?

'डॉट कॉम'च्या एका वर्षासाठी व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर घेते. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि १८ टक्के जीएसटी. मग जाहिरातीत शंभर-दोनशे रुपयांत कसं देतात? पहिल्या वर्षी पदरमोड करून देतात आणि दुसऱ्या वर्षापासून वसूल करतात.

पैसे भरायच्या पानावर हे नीट बघा. मोठ्या ठळक आकड्याखाली फिक्या अक्षरांत नूतनीकरणाचा दर लिहिलेला असतो. तोच तुमचा खरा दर. मुदतीच्या चौकटीत आपोआप दोन किंवा तीन वर्षं निवडलेली असतात. खाली ईमेल, वेबसाइट बनवायचं साधन, 'संपूर्ण संरक्षण' अशा दोन-तीन वस्तू न मागता टोपलीत पडलेल्या असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करणारी माणसंही इथे मुकाट पैसे भरतात. सगळं काढून टाका. नुसतं नाव ठेवा. आपोआप नूतनीकरणाचं बटण मात्र चालू करा आणि कार्ड बदललं की खात्यातही बदला.

माझं नाव दुसऱ्याने आधीच घेतलंय

आधी बघा, तो ते वापरतोय का. त्याच आडनावाच्या माणसाने प्रामाणिकपणे घेतलं असेल, तर पहिला आला त्याचं. वाद घालण्यात अर्थ नाही. पण तुमचा नावलौकिक असलेला धंदा आहे आणि कुणी मुद्दाम तुम्हाला विकायला किंवा गिऱ्हाईक पळवायला ते अडकवून ठेवलं असेल, तर दाद मागता येते. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी आयकॅनची १९९९ पासूनची तक्रार पद्धत आहे, 'डॉट इन'साठी निक्सीची स्वतंत्र लवादाची सोय. आणि सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवलं आहे की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण आहे. खर्च मात्र येतो, तेव्हा आधी दुसरं नाव सुचतंय का ते पाहावं.

बर्लिनला मिळतं, लंडनला मिळतं, मग 'डॉट गोवा' का नाही?

कारण कुणी तरी ते मागून चालवायला हवं. २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती, आणि नोंदवही कायम सांभाळायचा खर्च त्याहून वेगळा. शिवाय राज्याचं नाव असेल तर तिथल्या सरकारची संमती लागते, त्यामुळे दिल्लीच्या किंवा दुबईच्या कुणी परस्पर 'गोवा' उचलून नेईल ही भीती नको. एवढे पैसे सरकारने इथे घालावेत का? माझ्या मते नाही. किनाऱ्यावर आधी धड नेटवर्क मिळू दे.

आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर

आयकॅनच्या लुकअप पानावर किंवा 'डॉट इन'साठी निक्सीच्या पानावर आपलं नाव टाकून बघा. युरोपातल्या २०१८ च्या गोपनीयता कायद्यानंतर माणसाचं नाव-पत्ता सहसा झाकलेला असतो, पण रजिस्ट्रार कोण, नाव कधी घेतलं आणि कधी संपतं, हे दिसतं. (हीच तारीख दुसरीकडेही कामाला येते: 'पंधरा वर्षांच्या सेवेत' म्हणवणाऱ्या व्हिलाचं नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं दिसलं तर आगाऊ पैसे पाठवू नका. पाठवून बसला असाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.)

मग ज्याच्या खात्यात नाव आहे त्याला गाठा, भांडू नका. एकाच रजिस्ट्रारकडे दोघांची खाती असतील तर तो काही मिनिटांत नाव तुमच्या खात्यात सरकवू शकतो. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर त्याने नावावरचं हस्तांतराचं कुलूप काढून तुम्हाला एक गुप्त कोड द्यायचा. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी मागितल्यापासून ५ दिवसांत तो कोड देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. नाव नवं असेल किंवा नुकतंच हललं असेल तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. आणि नाव खात्यात आलं म्हणजे काम संपलं असं समजू नका: नोंदणीतलं धारकाचं नाव आणि ईमेल त्यानंतर वेगळं बदलावं लागतं. समिती बदलली की चाव्या आणि पावतीपुस्तकांबरोबर या खात्याचा पासवर्डही हस्तांतराच्या कागदावर लिहून सही घ्या. मुदत जवळ आली असेल तर मालकी कुणाची हे ठरेपर्यंत वाट न बघता आधी पैसे भरून टाका. काही रजिस्ट्रारांकडे नूतनीकरणाचे पैसे कुणीही भरू शकतो.